गर्दी न करणाऱ्या पेशी

उंदराच्या गर्भापासून तयार केलेल्या थ्री-टी-थ्री पेशींची एक सवय मला फार आवडते. प्लॅस्टिकच्या डिशमध्ये सोडल्या की त्या तळाला चिकटतात, हातपाय पसरतात, वाढतात, एकीच्या दोन होतात. पण शेजारणीला टेकल्या की थांबतात. तळ भरला की वाढ बंद. एकीवर एक चढायचं नाही, घुसायचं नाही. लोकलच्या लेडीज डब्यात इतकी वर्षं घालवलेल्या मला या शिस्तीचा हेवाच वाटतो.

रसायन कॅन्सरकारक आहे का, हे पेशींवर तपासण्याची जी चाचणी मी बराच काळ केली, तिचा सगळा डोलारा या एका सवयीवर उभा आहे. पेशींना संशयित रसायन द्यायचं आणि वाट बघायची. त्यातली एखादी शिस्त सोडते का? शेजारणीला टेकूनही वाढत राहते का, थरावर थर चढवते का? चढवला, तर त्या जागी डोळ्यांना दिसेल असा एक दाट ठिपका तयार होतो. त्याला आम्ही फोकस म्हणतो. डिशमधले फोकस मोजायचे आणि रसायन न दिलेल्या डिशशी ताडून पाहायचे.

ऐकायला सोपं आहे. करायला गेलं की सहा आठवडे जातात.

साठ मिलिमीटर व्यासाच्या डिशमध्ये दहा हजार पेशी टाकायच्या. एक दिवस स्थिरावू द्यायचं, मग रसायन. ते तीन दिवसांनी धुऊन टाकायचं, आणि तिथून पुढे आठवड्यातून दोनदा मीडियम, म्हणजे पेशींचं पातळ खाद्य, बदलण्याशिवाय काही नाही. मीडियमचा रंग गुलाबी-लाल असतो, कारण त्यात फिनॉल रेड घातलेलं असतं. पेशी खाऊन-पिऊन आम्ल सोडायला लागल्या की तो नारिंगी होतो, आणखी दुर्लक्ष केलंत तर पिवळा. सकाळी इन्क्युबेटर उघडून ट्रे बाहेर काढला की रंगावरूनच पेशींची तब्येत कळते. रातोरात पिवळं आणि वर गढूळ दिसलं तर बॅक्टेरिया शिरले, डिश फेकायची. मायकोप्लाझ्मा हा चिमुकला बॅक्टेरिया मात्र असं काही दाखवत नाही. तो मीडियम गढूळ करत नाही, साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही आणि आठवडेच्या आठवडे आत राहून पेशींचा स्वभाव बिघडवतो. टिश्यू कल्चरमध्ये काम केलेल्या कुणासमोरही हे नाव काढून बघा.

आणि सीरम. वासराच्या गर्भाच्या रक्ताचं सीरम मीडियममध्ये घालावं लागतं, आणि प्रत्येक लॉट वेगळा निघतो. एका लॉटमध्ये फोकस छान उमटतात, दुसऱ्यात पक्कं कॅन्सरकारक रसायन देऊनही पेशी साध्वीसारख्या बसून राहतात. म्हणून आधी सीरमचीच परीक्षा घ्यायची, पास झालेला लॉट भरपूर घेऊन उणे वीस अंशांवर ठेवायचा. बाहेरच्या माणसाला हे हास्यास्पद वाटतं. रसायनाची परीक्षा घ्यायला निघालेली चाचणी आधी सीरमच्या मर्जीत राहायला शिकते. मला स्वतःला या चाचणीचा हा सगळ्यात कच्चा दुवा वाटतो, आणि तो अहवालात एका ओळीत आटोपलेला असतो.

सहाव्या आठवड्यात डिशमधलं मीडियम ओतून देतात, मिथेनॉलने पेशी जागच्या जागी मारून घट्ट करतात आणि गिम्सा या रंगाने रंगवतात. नळाखाली हलकेच धुतलं की फिकट निळसर चादर उरते आणि तिच्यावर, असलेच तर, गडद ठिपके. पण प्रत्येक ठिपका मोजायचा नसतो. पहिल्या प्रकारचा फोकस म्हणजे पेशी जरा जास्त जवळ आल्या एवढंच. दुसऱ्या प्रकारात दाटी होते, थर चढतात, पण कडेला ओळ राहते. तिसऱ्या प्रकारात रंग गर्द जांभळा-निळा, थरावर थर, आणि कडेच्या पेशी एकमेकींवर आडव्यातिडव्या पडून शेजारच्या शिस्तशीर थरात घुसलेल्या. खरा आरोपी तो.

डिशवर फक्त सांकेतिक क्रमांक असतात, कुठलीत काय होतं ते वाचणाऱ्याला माहीत नसतं. तरीही दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकाराच्या मध्ये असे काही ठिपके निघतात की स्टिरिओ मायक्रोस्कोपवर दोघींचे तास जातात. आमच्या मॅडम फार कमी बोलायच्या. "मध्य नको बघूस, कड बघ," एवढंच. मी कड बघायची. मला आडव्यातिडव्या दिसायच्या, त्यांना नाही. मग त्या डिश जराशी फिरवायच्या, प्रकाश तिरपा करायच्या, आणि तीच कड सरळ ओळीत उभी राहिल्यासारखी दिसायची. कॅन्सरची चाचणी म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांपुढे एखादं यंत्र येतं, ज्यातून आकडा छापून बाहेर पडतो. इथे शेवटचा शब्द दोन बायकांच्या डोळ्यांचा होता. आता प्रतिमा ओळखणारी सॉफ्टवेअर आली आहेत, आणि तीही आधी माणसांनी लावलेल्या खुणांवरच शिकतात.

हा खटाटोप कशाला, याचं उत्तर या शास्त्राच्या जुन्या, संथ इतिहासात आहे. १७७५ साली लंडनच्या पर्सिव्हल पॉट या शल्यचिकित्सकाने लिहिलं की धुराडी साफ करणाऱ्यांना वृषणाच्या कातडीचा कॅन्सर होतो आणि दोष काजळीचा आहे. आपल्याकडे डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी १९४५ साली भारतीय चालीरीतींशी जोडलेल्या कॅन्सरवर निबंध प्रसिद्ध केला. त्यात धोतराचा कॅन्सर आहे, धोतर कमरेला जिथे वर्षानुवर्षं घट्ट आवळलं जातं त्या जागी होणारा. दोघांचीही पद्धत एकच होती. माणसं आजारी पडू द्यायची आणि मग शोधायचं की कशाने. दुसरा इलाजच नव्हता. १९१५च्या सुमारास टोकियोत यामागिवा आणि इचिकावा यांनी सशांच्या कानांना महिनोन्‌महिने कोळशाचं डांबर चोळून कॅन्सर उठवून दाखवला, तेव्हा प्रश्न पहिल्यांदा प्रयोगशाळेत आला. मग १९३३मध्ये लंडनला दोन टन डांबराच्या गाळातून बेंझोपायरीन वेगळं काढलं गेलं. आमच्या चाचणीत खात्रीचा गुन्हेगार म्हणून त्याची एक डिश नेहमी असते. तिच्यात फोकस उठले नाहीत, तर बाकीच्या डिशना काही अर्थ उरत नाही.

प्राण्यांवरची पद्धत आजही आहे. लहान आणि मोठे अशा दोन जातींचे उंदीर, प्रत्येक मात्रेसाठी पन्नास नर आणि पन्नास माद्या, दोन वर्षं रोज रसायन, शेवटी प्रत्येक अवयवाचे काप. एका रसायनाला शेकडो जनावरं आणि प्रचंड पैसा. बाजारात हजारो रसायनं आहेत, त्यातल्या फार थोड्यांच्या वाट्याला हे येतं. आणि एवढं करून उत्तर माणसाला लागू पडेलच असं नाही. सॅकरिनने नर उंदरांच्या मूत्राशयात गाठी झाल्या म्हणून गदारोळ उठला. पुढे कळलं की ते त्या प्राण्याच्या लघवीच्या घडणीमुळे घडतं. अमेरिकेने संशयितांच्या यादीतून सॅकरिन काढायला २००० साल उजाडलं.

म्हणून १९६३ साल मला महत्त्वाचं वाटतं. इस्राएलमधल्या वाइझमन इन्स्टिट्यूटच्या बेरवाल्ड आणि झाक्स यांनी सोनेरी हॅमस्टरच्या गर्भाच्या पेशी डिशमध्ये वाढवल्या, त्यांना कॅन्सरकारक रसायनं दिली आणि पेशींचा स्वभाव पालटताना दाखवला. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये टोडारो आणि ग्रीन यांनी दर तीन दिवसांनी तीन लाख पेशी नव्या डिशमध्ये घालण्याच्या वेळापत्रकातून पहिली थ्री-टी-थ्री सेल लाइन, म्हणजे डिशमध्ये पिढ्यान्‌पिढ्या वाढत राहणारं पेशींचं कूळ, काढली; नावातले दोन तीन हेच. आणि त्याच वर्षी मुंबईत भारतातली पहिली कॅन्सर रजिस्ट्री, म्हणजे कॅन्सरच्या रोग्यांची नोंदवही, सुरू झाली. तिच्याकडे नंतर येते. दहा वर्षांनी, १९७३मध्ये, चार्ल्स हायडेलबर्गर यांच्या गटाने विस्कॉन्सिनमध्ये दुसरी एक उंदराची सेल लाइन या कामासाठी बांधली, आणि काकुनागा यांनी थ्री-टी-थ्रीवरची पद्धत बसवली. बिघडलेल्या पेशी उंदराला टोचल्या तर गाठ धरते, हेही दाखवलं गेलं. डिशमधला ठिपका नुसता दिसायला वाईट नव्हता.

डिशमध्ये पेशी जिवंत ठेवण्याची कला आपल्याकडे आणली ती पुण्याच्या एका बाईंनी. डॉ. कमल रणदिवे, माहेरच्या समर्थ, १९१७चा जन्म, वडील फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्र शिकवायचे. शिक्षण हुजूरपागा, मग फर्ग्युसन. मुंबईत खानोलकरांच्या हाताखाली डॉक्टरेट केली आणि नंतर बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत काम केलं. हे तेच गाय, ज्यांच्याकडे १९५१मध्ये हेन्रिएटा लॅक्स या स्त्रीच्या गाठीतल्या पेशी डिशमध्ये कायमच्या वाढू लागल्या, तिला न विचारता. रणदिवे परत आल्या आणि १९६०च्या दशकात परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी देशातली पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा उभारली. आज सीरमची बाटली कुरिअरने येते. तेव्हा काय काय घरी बनवावं लागलं असेल, याचा विचार केला की माझ्या सगळ्या कुरकुरी मला बालिश वाटतात. त्या पिढीच्या शास्त्रज्ञ बायकांचं आपण मोठ्या मानाने नाव घेतो आणि काम काय केलं ते विचारत नाही. रणदिव्यांच्या गटाने सुपारी आणि तंबाखूच्या अर्कांचे प्राण्यांवरचे प्रयोग १९७६मध्ये प्रसिद्ध केले. तंबाखू नसतानाही नुसती सुपारी माणसात कॅन्सरकारक आहे, असं जागतिक पातळीवर ठरलं २००४ साली.

आता कुणी म्हणेल, बॅक्टेरियावरची एम्स चाचणी आहे ना? आहे, आणि उत्तम आहे. ब्रूस एम्स यांची ही चाचणी दोन दिवसांत सांगते की रसायन डीएनए बिघडवतं का. १९७७मध्ये तिच्या मदतीने अमेरिकेतल्या मुलांच्या रात्रीच्या कपड्यांत आग लागू नये म्हणून घातलेलं ट्रिस नावाचं रसायन पकडलं गेलं आणि बाजारातून हटलं. पण काही नामचीन गुन्हेगार या चाचणीसमोरून सभ्य चेहऱ्याने निघून जातात. ॲस्बेस्टॉस, आर्सेनिक. आणि डीईएस, म्हणजे गर्भपात टळावा म्हणून अमेरिकेत गरोदर बायकांना वर्षानुवर्षं दिलेलं कृत्रिम इस्ट्रोजेन. त्यांच्या मुलींना तरुणपणी योनिमार्गाचा दुर्मीळ कॅन्सर झाल्याचं १९७१मध्ये उघडकीला आलं. बॅक्टेरियावर डीईएस निर्दोष. हॅमस्टरच्या पेशींवर दिलं तर मात्र पेशी बिघडल्या, आणि १९८१च्या प्रयोगात जनुकांतला बदल शोधूनही सापडला नाही. पुढे लक्षात आलं की पेशी दुभंगताना गुणसूत्रांची वाटणी चुकत होती. बॅक्टेरियाला आपल्यासारखी गुणसूत्रांची वाटणीच करावी लागत नाही, मग त्याला हे कळणार कसं?

यासाठीच ती सहा आठवड्यांची कटकट. शिस्त कुठल्या वाटेने मोडली हे ती चाचणी विचारत नाही, मोडली का एवढंच बघते. मला तिचा हा अडाणीपणा भावतो. शास्त्रीय वर्तुळात त्यावरच नाकं मुरडतात. यंत्रणा कळत नसेल तर निकालाचं करायचं काय, असं म्हणतात. ओईसीडी या प्रगत देशांच्या संघटनेने २०१५ आणि २०१६मध्ये या पद्धतींची मार्गदर्शक कागदपत्रं काढली, पण एम्ससारखा पूर्ण दर्जाचा नियम त्यातून झाला नाही.

एक मोठी अडचण यकृताची. कितीतरी रसायनं जशी आत जातात तशी निरुपद्रवी असतात. शरीर त्यांना बाहेर टाकण्यासाठी पाण्यात विरघळणारी करू पाहतं आणि त्या धडपडीत त्यांना नांगी फुटते. बेंझोपायरीनचं तसंच. डिशमधल्या पेशींकडे हे करणारी विकरं (एन्झाइम) थोडी असतात, काहींकडे अजिबात नसतात. मग उंदराचं यकृत वाटून, गुरुत्वाकर्षणाच्या ९००० पट जोराने (९००० जी) फिरवून वर राहिलेलं पाणी घालावं लागतं. त्याला एस-नाइन म्हणतात. पण ते पेशींना फार वेळ सोसत नाही, काही तासांत धुवावं लागतं. आणि कुणाचं यकृत, यानेही फरक पडतो. नायट्रोसअमाइन नावाच्या कॅन्सरकारक गटातली काही रसायनं उंदराच्या यकृताने नीट पकडली जात नाहीत, हॅमस्टरच्या यकृताने पकडली जातात. २०१८मध्ये ब्लडप्रेशरच्या गोळ्यांमध्ये आणि त्यानंतर ॲसिडिटीच्या रॅनिटिडीनमध्ये एनडीएमए हे नायट्रोसअमाइन सापडल्यावर हा कंटाळवाणा तपशील एकदम औषध कंपन्यांच्या मीटिंगांमध्ये जाऊन बसला.

याच्या उलटही होतं. डिश घाबरवते आणि खरं काही नसतं. चिनी हॅमस्टरच्या पेशी गुणसूत्रांच्या चाचण्यांत सर्रास वापरतात. त्यांच्यात पी-फिफ्टीथ्री हे राखणदार जनुक धड चालत नाही, त्यामुळे साध्या त्रासानेही त्यांची गुणसूत्रं तुटतात. चहातली पॉलिफिनॉलं मीडियममध्ये घातली तर ती मीडियमशीच प्रक्रिया करून हायड्रोजन पेरॉक्साइड बनवतात. पेशी मरतात त्या पेरॉक्साइडने आणि नाव चहाचं होतं. २००५मध्ये शेकडो रसायनांचे जुने निकाल एकत्र करून पाहिले गेले. तेव्हा दिसलं की डीएनए आणि गुणसूत्रं बिघडतात का हे बघणाऱ्या तीन चाचण्यांचा संच लावला तर प्राण्यांमधली बहुतेक कॅन्सरकारकं पकडली जातात, पण प्राण्यांमध्ये निर्दोष ठरलेल्यांपैकीही बहुतेक जण कुठल्या ना कुठल्या चाचणीत अडकतात. म्हणून 'अमुक पदार्थाने पेशींमध्ये कॅन्सर' अशी बातमी व्हॉट्सॲपवर आली की मी तीन गोष्टी बघते. कुठल्या पेशी, किती मात्रा, आणि एस-नाइन होतं का. बातमीत यातलं एकही नसतं. डिशला विचारलेला प्रश्न असतो, 'हे पेशीचा स्वभाव बिघडवू शकतं का?' वाचणाऱ्याला हवं असतं, 'मला होईल का?' त्या दोन प्रश्नांच्या मध्ये मात्रा, वर्षं, यकृत आणि नशीब असं बरंच काही पडलेलं असतं.

हे सगळं मी माझ्या आत्याला एकदा समजावून सांगितलं होतं, कारण ती मशेरी लावते. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, आणि सकाळ-संध्याकाळ बोटाने दातांवर, हिरड्यांवर घासत बसायचं. घरभर तो खरपूस, डोक्यात जाणारा वास. ती भाजत असताना मी खिडकी उघडते आणि ती बंद करते. भाजणं हीच खरी मेख आहे. तंबाखूत नायट्रोसअमाइनं असतातच, आणि पान जाळलं की वर बेंझोपायरीन तयार होतं. म्हणजे लंडनच्या धुराड्यातला तो जुना गुन्हेगार आमच्या स्वयंपाकघरातल्या तव्यावर.

"तुझ्या त्या डब्यांत माझी मशेरी घालून बघितलीस का गं?" आत्याने विचारलं.

ते काम केव्हाच झालंय. मुंबईच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. भिडे यांच्या गटाने १९८०च्या दशकात मशेरीचा अर्क बॅक्टेरियावर तपासला, प्राण्यांना खाऊ घातला, तिच्यातली नायट्रोसअमाइनं मोजली. १९८६मध्ये त्यांनी मशेरी लावणाऱ्यांच्या थुंकीतही ती शोधून काढली. डिशमधून बाहेर पडून माणसाच्या तोंडापर्यंत गेलेलं काम ते. हे सांगितल्यावर आत्याने अपेक्षित उत्तर दिलं, की तिच्या आईने मरेपर्यंत लावली आणि ती म्हातारपणाने गेली. एका म्हातारीचं उत्तर कुठल्याच डिशकडे नसतं. त्यासाठी हजारो माणसांच्या नोंदी लागतात. मुंबईची १९६३ची रजिस्ट्री आणि बार्शीला १९८७मध्ये सुरू झालेली देशातली पहिली ग्रामीण रजिस्ट्री याच कामाच्या. बार्शीचे कार्यकर्ते गावोगाव फिरून गाठी आणि फोड असलेली माणसं शोधायचे, कारण खेड्यातला रोगी आपणहून दवाखान्यात येईल या भरवशावर बसले असते तर नोंदवह्या कोऱ्याच राहिल्या असत्या.

"एवढं कळलं होतं तर बंद का नाही केली?" आत्या म्हणाली. गुटखा २०१२ला महाराष्ट्रात बंद झाला, तो अन्नसुरक्षेच्या नियमाखाली, कारण खाण्याच्या पदार्थात तंबाखू घालायला त्यात मनाई आहे. नुसती तंबाखू खाण्याच्या पदार्थात मोडत नाही. ती विकत घेऊन घरच्या तव्यावर भाजायला कुणाची आडकाठी नाही. कंपनीच्या पुडीवर निदान इशारा आणि चित्र छापावं लागतं. आत्या मशेरीची तंबाखू आठवडी बाजारातून आणते, सुटी, तागडीत तोलून.